सात-चौदा, बटण सोडा

"खाली सायरन बोंबलला आणि हा डबा गप्प!" डेल्फिया म्हणाली. "बर्चेलभाऊ, तुम्ही यात भरलंय तरी काय?"

बर्चेलने नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी केली आणि लॅपटॉपवरून मान वर काढली. "सगळी काउंटी भरलीय, ताई. पोलीस, अँब्युलन्स, शाळेच्या बस. कचऱ्याची गाडीसुद्धा."

"कचऱ्याच्या गाडीचं मी काय लोणचं घालू? मला हॅसलची हाक ऐकायचीय."

हॅसल, तिचा नवरा, या वेळी घरामागच्या टेकडीवर होता. सकाळी चर्चमधला विधी झाला, मग त्याची शवपेटी जीपवर बांधून खडकाळ वाटेने वर नेली. सगळं खोरं मागोमाग चढून गेलं. खाली दोघंच उरली. डेल्फियाचं खुब्याचं हाड हिवाळ्यात मोडलं होतं, आणि बर्चेलच्या छातीत जन्मभराची कोळशाची धूळ बसली होती. ओट्यावर शेजारणींनी आणलेली जेवणाची भांडी दाटीने मांडलेली, प्रत्येक भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी.

हॅसल गावच्या अग्निशमन दलातला बिनपगारी माणूस. पोटासाठी शाळेची बस चालवायचा आणि कंबरेचा पेजर वाजला की जेवत्या ताटावरून उठायचा. असा माणूस गेला की इथे एक रीत आहे. पेटी मातीत उतरवताना कंट्रोल रूम त्याच्या दलाला बोलावणारे दोन सूर रेडिओवर शेवटचे वाजवते, त्याच्या नंबराने त्याला हाक मारते, आणि उत्तर आलं नाही की त्याला कामातून मोकळं करते. हॅसलला आलेल्या सगळ्या हाका डेल्फियाने याच स्वयंपाकघरात, फ्रिजवरच्या स्कॅनरवर, म्हणजे दुसऱ्यांचे रेडिओ ऐकवणाऱ्या डब्यावर, ऐकल्या होत्या. शेवटचीही तिला इथेच ऐकायची होती.

जुना स्कॅनर मागच्या उन्हाळ्यात विजेने जळला. हॅसलने नवा आणला, पण तो खोक्यातच राहिला. जुन्यात बोटाने आकडे टाकले की भागायचं. नव्याला आधी कॉम्प्युटरच्या हवाली करावं लागतं. "बर्चेल आला की भरून घेऊ," हॅसल म्हणायचा. बर्चेल यायचा, दोघं मासे पकडायला जायचे, आणि स्कॅनर राहायचा. शेवटी काल बर्चेल केबल घेऊन बसला. लहरींचे आकडे जमवणाऱ्या हौशी लोकांच्या वेबसाइटवरून त्याने आख्ख्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, यादी सॉफ्टवेअरमध्ये ओढली आणि स्कॅनरमध्ये सोडली.

"रोज दुपारी कंट्रोल रूममधली लव्हीना आपल्या दलाचे दोन सूर वाजवून बघते," डेल्फिया म्हणाली. "त्या सुरांनीच सायरन सुरू होतो. सायरन वाजला म्हणजे सूर गेले. मग ते यात का नाही आले?"

बर्चेल पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने कपाळाला हात लावला. "ताई, मी गाढव आहे."

"ते खोऱ्याला ठाऊक आहे. पुढे बोला."

"काउंटी नव्या डिजिटल यंत्रणेवर गेली ना? वेबसाइटवर जुन्या लहरींपुढे 'बंद' असं लिहिलेलं. म्हटलं, मेलेल्या वाटा कशाला भरायच्या? काढून टाकल्या सगळ्या. पण नवी यंत्रणा आपल्या खोऱ्यात पोचतेच कुठे? दलवाले अजून जुन्याच वाटेवर असणार."

"मग घाला परत!"

"नंबर बघायला वेबसाइट उघडायला हवी. आणि तुमचं इंटरनेट..."

"हॅसलसारखंच आहे. हाक मारली की ओ देतं, पण यायला वेळ लावतं."

बर्चेल हसला, हसण्याचा खोकला झाला, आणि नळी धरून तो थांबला. पान वरून खाली इंचाइंचाने उतरत होतं. डेल्फिया खिडकीशी गेली. टेकडीवर माणसं उभी दिसत होती, गवतात रोवल्यासारखी. एकाचा हात वर-खाली होत होता. चर्चचे ऑर्बिनबुवा.

सकाळी बुवांचं प्रवचन नेहमीसारखं साध्या बोलण्यातून सुरू झालं आणि कधी सुरात शिरलं ते कळलंच नाही. इकडचे बुवा कागद धरत नाहीत. श्वास संपेल तिथे ओळ तुटते, आणि त्या तुटण्यातच ऐकणाऱ्याचा जीव अडकतो. भजनाचंही तसंच. बुवा एक ओळ झरझर सांगतात, मग सगळी मंडळी तीच ओळ डोंगर चढल्यासारखी सावकाश ओढतात. वाद्य नाही, टाळी नाही. देवाला दुसरं काय लागतं?

हॅसलला या भजनांचं वेड. आगीच्या गाडीत बसला की रेडिओचं बटण दाबून धरायचा, बोलणं संपलं तरी सोडायचा नाही, आणि गुणगुणायला लागायचा, "ओढ्यापल्याड उजेड दिसतो, आई..." आणि साऱ्या काउंटीला ते ऐकू जायचं. मग कंट्रोल रूममधून लव्हीना कडाडायची, "सात-चौदा, बटण सोडा! चर्च रविवारी असतं."

"आज रविवार नाही? मग उगाच गातोय मी," हॅसल म्हणायचा.

इकडे चुलीपाशी डेल्फिया तीच ओळ ओढून पुरी करायची. बुवांना मंडळींनी साथ द्यावी तशी. त्याला ती कधी ऐकू गेली नाही. स्कॅनर ऐकतो, बोलत नाही.

"सापडला!" बर्चेल म्हणाला. "बघा, खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'पेजर अजून चालू'. मला चष्मा नको, अक्कल हवी होती." त्याने आकडा भरला आणि तो स्कॅनरकडे धाडला. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. भरणं चालू असताना स्कॅनर मुका असतो. डेल्फियाने खुर्चीची पाठ धरली.

"आत्ता वाजले तर?"

"नाही वाजणार. बुवा अजून हात हलवतायत ना?"

तिने पाहिलं. हात थांबला होता.

पट्टी संपली. बर्चेलने केबल उपसली. डब्यातून आधी खरखर आली, मग एक लांब खालचा सूर, आणि त्यावर दुसरा, उंच. खाली सायरन एकदा बोंबलून थांबला. डेल्फिया खाली बसली. या सुरांनी ती लग्नापासून दचकत आली होती. आज दचकली नाही.

"कंट्रोल ते सात-चौदा," लव्हीनाचा आवाज.

शांतता.

"कंट्रोल ते सात-चौदा. हॅसल..." नियमात नाव घेणं बसत नाही. लव्हीना पुन्हा नंबरावर आली. "सात-चौदाचं उत्तर नाही. सात-चौदाची सेवा पुरी झाली. तुम्ही घरी जा. इथून पुढचं आम्ही बघतो."

वर, टेकडीवर, दलाच्या प्रमुखाने रेडिओ तोंडाशी नेला. "ऐकलं, कंट्रोल," एवढंच तो म्हणाला. पण बोलून झाल्यावर त्याचा अंगठा बटणावरच राहिला. चुकून की कसा, कुणी विचारलं नाही.

डब्यातून वारा आला. फावड्याचा आवाज आला. मग ऑर्बिनबुवांचा घोगरा आवाज झरझर म्हणाला, "ओढ्यापल्याड उजेड दिसतो, आई."

बर्चेलने टोपी काढून मांडीवर ठेवली. डेल्फियाने डोळे मिटले आणि वरच्या मंडळींच्या सुरात सूर मिसळून ती ओळ सावकाश, शेवटापर्यंत ओढली. बुवांनी दुसरी सांगितली. तिने तीही ओढली.

त्या दुपारी कितीतरी वेळ काउंटीच्या घराघरांत ते भजन चालू होतं. लव्हीना कंट्रोल रूममध्येच बसून होती. बटण सोडा असं ती कुणालाच म्हणाली नाही.