आग्रहाची गाडी

अन्न देणाऱ्याचे पुण्य शास्त्रांनी पुष्कळ वर्णिले आहे. परंतु जिच्या हातातून वाढण्याची पळीच दैवाने काढून घेतली, तिने आपले दातृत्व कोठे ठेवावे, याविषयी ग्रंथ फारसे बोलत नाहीत. ते उत्तर कधी एखाद्या साध्या कारागिराच्या बोटांना सापडते.

"हात लावू नगा अण्णा, आदी मला बगू द्या," तिप्पण्णा म्हणाला.

शुक्रवार पेठेतल्या त्याच्या चिंचोळ्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात, फळीवर वीतभर लांबीची तांबडी मोटार उताणी पडली होती. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालचा माघ सरत होता. दुपारच्या उन्हात पेठ डुलक्या घेत होती आणि पलीकडच्या आळीतला मागांचा खटखटाट निजलेल्या माणसाच्या श्वासासारखा एका लयीत येत होता.

समोरच्या स्टुलावर वृद्ध महादेवप्पा बसले होते. जहाजावर नोकरीस असलेल्या त्यांच्या पुतण्याने ती मोटार परदेशातून आणली होती. घरात खेळणारे मूल कधीच नव्हते. तरीही आणली, कारण काकू अंथरुणावर होती. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने महादेवप्पांच्या पत्नीची, सुंदरम्मांची, उजवी बाजू नेली, वाचाही नेली. राहिला तो डावा हात. त्या हाताखाली डबी ठेवली आणि तिच्यावरची कांडी अंगठ्याने पुढे ढकलली, की तारेवाचून मोटार खाटेपासून दारापर्यंत धावे. मागे ओढली, की परत येई. तिच्या टपावर महादेवप्पांनी पितळी झाकण बसवले होते. त्यात गुळाचा खडा. उन्हातून घरी आलेल्याला गूळपाणी दिल्यावाचून जिने कधी बोलू दिले नव्हते, ती बाई पुन्हा पाहुण्याला गूळ देऊ लागली होती.

"आट दिवस झालं बंद पडून," महादेवप्पा म्हणाले. "तवापासनं भिंतीकडं तोंड करून पडलीय. घास तोंडाशी नेला तर ओठ मिटून घेती."

तिप्पण्णाने मोटार कपाळाला लावली. कोणतेही यंत्र उघडण्यापूर्वी तो असे करी. मग चार बारीक स्क्रू काढून, ज्या कोपऱ्यातला त्या कोपऱ्यात, पितळी ताटलीत मांडले. आत पाच सेल होते. एक फुगला होता.

"किती येळ लावली हुती चार्जिंगला?"

"दोन दिवस."

"दोन दिवस! कागदावर काय लिवलंय?"

"आट तास लिवलंय की. पन आपल्यात कुणाला अर्ध्या पोटी उटवतेत काय? म्हटलं, घेऊ दे आनि थोडं बिचारीला."

तिप्पण्णाला हसू फुटले, पण म्हाताऱ्याचा चेहरा पाहून ते ओठांतच राहिले.

"अण्णा, पंगतीतलं माणूस 'साकु' म्हनतंय," तो म्हणाला. कानडी घरांत 'पुरे' म्हणण्याचा तो शब्द. "सेल म्हनत न्हाय. ह्यो एक मेला बगा."

"दुसरा?"

"हितं न्हाय. पुन्यातबी न्हाय मिळायचा. ऱ्हायलेल्या चारावरच चालवायची. हळू चालंल."

"आमी तरी कुटं पळतोय?" महादेवप्पा म्हणाले, आणि खाली पाहत, "दर बारीला ती खोलून सेल काडायचं. माजं हात थरथरतेत. एक वायरबी तुटली माज्याकडनं."

तिप्पण्णाने मेलेला सेल काढून टाकला आणि तुटलेली वायर जोडली. मग त्याने मोडीत निघालेल्या ट्रान्झिस्टरमधून इअरफोनचे सॉकेट काढले. इअरफोनची पिन खोचली की रेडिओचा आवाज ज्यायोगे आपोआप बंद होतो, तीच युक्ती येथे. पिन आत असेतो मोटार जागची हलणार नाही, निमूट वीज पिईल. मागच्या अंगाला त्याने छिद्र पाडून सॉकेट बसवले आणि मोटारीसोबतच्या चार्जरच्या तारेला तशी पिन जोडली. विजेच्या वाटेत टॉर्चचा लहान बल्ब घातला, म्हणजे ती बेताने जाईल. शेवटचा जोड देण्यापूर्वी मात्र हात थांबला. अधिक-उणे उलटले, तर उरलेले चारही जातील. मीटरची टोके त्याने तीनदा टेकवून पाहिली, मनात देवाचे नाव घेतले आणि सोल्डरचा थेंब सोडला. पिन खोचताच बल्बात केशराच्या काडीएवढा उजेड उमटला.

"उद्या मिलच्या सातच्या भोंग्याला पिन घाला, तीनच्या भोंग्याला काडा. मदी आग्रह न्हाय!"

दुसऱ्या दिवशी तीनचा भोंगा विरला आणि तिप्पण्णा आपण होऊन त्यांच्या दारी गेला. सुंदरम्मा भिंतीकडे तोंड करून होत्या. महादेवप्पांनी गाडी खाटेजवळ ठेवली, झाकणात खडा ठेवला आणि डबी त्यांच्या डाव्या हाताखाली सरकवली.

"कोन आलंय बग. उन्हातनं आलंय."

कोणी हलले नाही. कवडशातले धूलिकण तरंगत राहिले. मग भुंग्यासारखी बारीक गुणगुण झाली आणि गाडी निघाली. पूर्वीसारखी धावत नव्हे, तर भरले ताट सांभाळत येणाऱ्या गृहिणीच्या पावलांनी. ती तिप्पण्णाच्या पायांशी थांबली. त्याने खडा उचलला.

"पोचला, अक्का. साकु."

गाडी परत गेली. महादेवप्पांनी दुसरा खडा ठेवला. ती पुन्हा आली.

"साकु, अक्का! लई झालं."

सुंदरम्मांची मान वळली होती. तिसऱ्यांदा ती गुणगुण जमिनीवरून येऊ लागली, तेव्हा तिप्पण्णाने 'साकु' म्हटले नाही. त्याच्या पत्नीला जाऊन अकरा वर्षे झाली होती, आणि तो जेवे त्या खानावळीत दुसरी भाकरी संपल्यावर आग्रहावाचून ताट उचलले जाई. त्याने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि वाकून, गाडी पोहोचेपर्यंत, तशीच धरून ठेवली.

वाढणाऱ्या त्या एका हाताचे बळ टिको. चार सेलांना आयुष्य लाभो. आणि ती ओंजळ, जिथे असेल तिथे, रिकामी न राहो.