वकिलाचा ण

वेणी. लोणी. गोणी. बहिणीची ठेवणीतली पैठणी.

१९९७ साली अंबडच्या कारखान्यात लेथ चालवताना लखन दिवसभर हेच घोकायचा. पेठच्या डोंगरात वाढलेल्या त्याच्या तोंडात पाण्याचं ‘पानी’ व्हायचं, आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धेत त्याला वकील व्हायचं होतं. दिग्दर्शिका मोहिनीताईंनी बजावलं होतं, “एक जरी ण चुकला, तर वकिलाचा कोट त्या राखीव दीपकला.”

“ताई, आता झोपेतबी ण म्हणतो.”

“झोपेतही, लखन!”

प्रयोगाला काळा कोट चढवून तो कोर्टात उभा राहिला आणि छाती काढून गरजला, “माणणीय ण्यायाधीश महाराज! माझे अशील खुणी णाहीत!”

प्रेक्षागृहात हशा फुटला. न्यायाधीश झालेल्या उज्ज्वलाने फाइलीत तोंड खुपसलं. विंगेतून मोहिनीताई दातओठ खात पुटपुटल्या, “अरे, न! न!”

लखनला चूक कळली. सुधारताही आली असती. पण आपल्या एका अक्षरावर चारशे माणसं लोळताहेत हे पाहून त्याच्या अंगात खोडी संचारली. विंगेकडे वळून, हात जोडून तो अगदी नम्रपणे म्हणाला, “णमस्कार, ताई.”

नाटक करुण होतं. मोहिनीताई महिनाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. परीक्षकांपैकी एकजण मात्र सिनेमा काढत होता. त्याने लखनला तिथल्या तिथे वकिलाचं काम दिलं. अट एकच, ण असाच ठेवायचा.

याच णपायी शाळेत असताना लखनला कधी काम मिळालं नव्हतं; तीन वर्षं तो स्नेहसंमेलनाचा पडदाच ओढत होता.