वर्षाच्या गव्हाचा कट्टा

घाटंजी रस्त्याच्या चढावर गेल्या वर्षी पहिल्यांदाच सायकलवरून उतरून चालावं लागलं, आणि ते चंद्रशेखररावांच्या जिव्हारी लागलं. पायांत ताकद हवी, असं पुण्याच्या मुलाने फोनवर सांगितलं. पण म्हातारपणी जिममध्ये जाऊन पोरांपुढे हसं कोण करून घेणार? घरात वर्षाचा गहू पोत्यांत भरलेला होता. त्यातला एक कट्टा खांद्यावर घेऊन ते रोज सकाळी उठाबशा काढू लागले. सुरुवातीला डोळ्यांपुढे काजवे चमकत. दिवाळीपर्यंत कट्टा उशीसारखा वाटू लागला.

आज ते ऐटीत चढावर गेले आणि गेल्या वर्षीपेक्षाही अलीकडेच सायकलवरून उतरले. सायकल ढकलत घरी आले, तर शीला, त्यांची बायको, त्याच कट्ट्यातला गहू कोठीत ओतत होती.

"हे काय करून राह्यली?"

ती दचकली. "कंबर मोडून घ्यान म्हणून भेव वाटे मले. रोज दोन वाट्या काढत गेली."

कट्ट्याचं तोंड दर आठवड्याला आणखी खाली बांधलं जातंय, हे घरातल्या धान्याकडे जन्मात न पाहिलेल्या माणसाला कुठून दिसणार!

"पूर्ण भर," ते म्हणाले.

तिने भरला. त्यांनी कट्टा कवटाळला, दात आवळले. सुरुवातीला खांद्यावर चढणारा कट्टा आता जमिनीवरून हललासुद्धा नाही. पुन्हा जोर लावला, तशी गुडघ्यात कळ आली आणि ते फरशीवरच बसले.

शीला वाटी घेऊन उभी होती. "काढू का थोडा?"

त्यांनी कट्ट्याचं तोंड उघडून धरलं.

"काढ."