मिठातली अंगठी

गाडी हंगेरीतल्या बॉया गावात शिरली तेव्हाच एटेल्काबाईंनी ठरवून टाकलं होतं की इथे काही धड असणार नाही. एकदा असं ठरवलं की पुरावे गोळा करायला त्यांना वेळ लागत नसे. रस्ता अरुंद होता, चर्चचा मनोरा बुटका होता, आणि नदीसुद्धा नदी नव्हती, डॅन्यूबचा एक सुस्तावलेला फाटा होता.

"आपली सेगेदची तिसा नदी वाहताना दिसते तरी," त्या मुलाला म्हणाल्या. "हे पाणी कुणाची वाट बघत उभंय?"

"आई, जेवण होईपर्यंत तरी जिभेला आवर घाल," बालिंट गाडी वळवत म्हणाला.

"मी पाण्याबद्दल बोलतेय. पाण्यालाही राग येतो का इथल्या?"

बालिंटने याच गावची मुलगी पसंत केली होती. बोरोका तिचं नाव, दातांची डॉक्टर. तिचा बाप वेंडेल नदीकाठी चार्डा चालवायचा, म्हणजे त्यांची पिढीजात खानावळ. लग्न ठरलं होतं, कुठे लागायचं ते तेवढं अडलं होतं. वेंडेल म्हणे, आमच्या खानावळीत. एटेल्काबाई म्हणत, सेगेदला, आमच्या अंगणात, माझ्या हातचं माशाचं कालवण होईल. आजच्या जेवणात त्याचा निकाल लावायचा होता. बाईंना पक्कं ठाऊक होतं, लग्न इथे लागलं की मुलगाही इथलाच होणार, आणि आपल्या वाट्याला नाताळचा एक फोन येणार. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात आता बोलायला भिंती होत्या. भिंती उलटून बोलत नाहीत म्हणून बाईंचं त्यांच्याशी जमत होतं, पण तेवढ्यावर काही म्हातारपण निघत नाही.

त्यात भांडण कालवणाचं. सेगेदला बारके मासे कांद्याबरोबर शिजवून चाळणीतून गाळतात आणि त्या दाट रश्श्यात कार्प माशाचे तुकडे सोडतात. बॉयात सगळं एकाच हंड्यात ढकलतात आणि वर त्यात शेवया घालून खातात. एवढ्याशा फरकावरून दोन गावांनी एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या माणसांत धरलेलं नाही. एटेल्काबाईंच्या घरात शेवया विकत आणायलाही बंदी होती.

"तुझे बाबा असते तर इथे पाऊल टाकलं नसतं त्यांनी," त्या म्हणाल्या.

बाबा, म्हणजे येनो, रेल्वेत सिग्नल दुरुस्त करायचा. गरीब, काटकुळा माणूस. जन्मभर बायकोच्या हातचं खाल्लं, पण अंगाला म्हणून लागलं नाही. मिळमिळीत, असं बाई त्याला तोंडावर म्हणत, आणि तो मान हलवायचा. शरद ऋतूत एकदा रेल्वेतल्या मित्रांबरोबर डॅन्यूबवर कुठेतरी गळ टाकायला जायचा आणि एकच कार्प घेऊन यायचा. विकत आणलास की काय, म्हणून बाई माशाचा ओठ उलटा करून गळाची खूण तपासत. खूण दरवेळी असायची. त्याची आणखी एक खोड होती. जेवायला बसला की लग्नाची अंगठी काढून मिठाच्या वाटीत टाकायचा. रस्सा लागतो तिला, म्हणायचा. जेवणं झाली की बाई ती उचलून मीठ झटकत आणि त्याच्या हातावर ठेवत. चार शब्द ऐकवूनच.

खानावळीच्या दारात प्लास्टिकच्या लाल मिरच्यांच्या माळा टांगल्या होत्या. आत भिंतीवर घोड्याचं जुनं खोगीर, आणि त्याखाली वेंडेल, पोटावर ताणलेल्या नक्षीदार बंडीत. घोड्यावर असताना खोगीरही वेंडेलइतकं आवळलं गेलं नसेल.

"या विहीणबाई, या." त्याने जर्दाळूच्या दारूचा, पालिंकाचा, पेला पुढे केला.

"भर दुपारी?"

"मग काय झोपेत प्यायची?"

बाईंनी ओठ ओले केले आणि पेला ठेवून दिला. "मिरच्या प्लास्टिकच्या आहेत, व्याहीबुवा."

"कालवणातल्या खऱ्या आहेत. परदेशी लोकांना भिंतीवरच्या आवडतात, आपल्याला ताटातल्या."

बोरोकाने हसून बाईंना खुर्ची दिली. मुलगी नाकीडोळी नीटस होती. बाईंना तिच्यात खोट सापडेना, म्हणून त्यांचा तिच्यावर जास्तच राग होता.

बसल्याबसल्याच त्यांनी विषय काढला. "लग्न सेगेदलाच होईल. आमच्या जेवणघरात यजमानांचा हा एवढा फोटो आहे, रेल्वेच्या गणवेशातला. त्यांच्या नजरेसमोर पोरं जेवायला बसतील. बापाविना मुलाचं लग्न परक्या खोगिराखाली मी लावणार नाही."

वेंडेल जरा नरमला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. बाईंनी ते हेरलं आणि मनातल्या मनात अंगणात मांडवसुद्धा घातला.

तेवढ्यात हंडा आला. वेंडेलने मासे काढून वेगळ्या ताटात ठेवले आणि प्रत्येकाच्या खोलगट बशीत शेवयांचा ढीग घालून वर लालभडक रस्सा ओतला. बाईंनी आपली बशी हाताने झाकली.

"मला नकोत. हे कालवण आहे की लहान पोरांची खीर?"

"आणि तुमच्याकडे मासा चाळणीतून गाळतात तो कुणासाठी? दात पडलेल्यांसाठी?" वेंडेल म्हणाला. "बोरोका, तुला सेगेदला गिऱ्हाईक नाही मिळायचं गं."

बालिंट हसला. तो हसला हे बाईंना झोंबलं.

"सेगेदच्या माणसाच्या घशाखाली शेवई उतरत नाही," त्या म्हणाल्या. "सांगून ठेवते."

"उतरते की. मी एका सेगेदकराच्या घशाखाली वर्षानुवर्षं उतरवल्यात." वेंडेलने चमचा खाली ठेवला. ही गोष्ट त्याने पुष्कळदा सांगितली असावी, कारण सुरुवात होण्याआधीच बोरोका गालात हसू लागली. "शरदात यायचा. नाव त्याने सांगितलं नाही, आम्ही त्याला सेगेदकरच म्हणायचो. हा एवढासा जीव, पण तीन-तीन बशा शेवया. दोन दिवस वरच्या खोलीत राहायचा, खायचा आणि झोपायचा. नदीकडे बघायचासुद्धा नाही. जाताना माझ्याकडून एक कार्प विकत घ्यायचा आणि इथे, याच टेबलावर, मेलेल्या माशाच्या ओठात गळ टोचायचा. मी विचारलं, अहो हे काय? तर म्हणाला, बायको तपासते."

बोरोका हसता हसता ठसकली. बालिंटही हसला, आणि मध्येच थांबला.

बाईंचा चमचा रश्श्यात तसाच राहिला.

"काय बाई असेल हो ती," वेंडेल रंगात आला. "आमच्या काठावर लोक विचारायचे, सेगेदकराची हवालदारीण यंदा काय म्हणतेय? आणि ऐका तर. जेवायला बसला की हातातली अंगठी काढून मिठात टाकायचा. मी म्हटलं, रस्सा लागतो म्हणून का? म्हणाला, छे, रश्श्याचं काय. घास घेताना तरी ती बाजूला बसलेली नको. दोन वर्षं झाली, आला नाही. पकडलं असेल तिने."

बालिंटने आईकडे पाहिलं. तोंड उघडलं. बाईंनी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय ठेवला आणि दाबला.

घरीही येनो रोज हेच करायचा, त्यांच्या शेजारी बसून. त्यांना वाटलं होतं, रश्श्याचा डाग. इतकी वर्षं त्या स्वतःच्या हाताने ती अंगठी उचलून, मीठ झटकून, त्याला परत देत आल्या होत्या. ज्याला त्या मिळमिळीत म्हणत, तो दोन वेळा रोज त्यांना मिठात घालत होता, आणि शहाणी बाई माशाचे ओठ तपासत होती. लाज वाटली त्यांना, रागही आला, आणि राग काढायला माणूस उरलेला नव्हता.

"तर फोटोचं म्हणत होतात," वेंडेल सुस्कारा टाकून म्हणाला. "विहीणबाई, तुमचं म्हणणं मला पटतंय. बाप भिंतीवरून बघणार असेल तर लग्न सेगेदलाच होऊ दे. मी येतो पुढच्या आठवड्यात, अंगण बघून घेतो. त्यांच्या फोटोलाही नमस्कार करीन."

जिंकल्या होत्या. ज्यासाठी आल्या होत्या ते ताटात वाढून समोर आलं होतं. आणि जेवणघरात येनो गणवेशात टांगलेला होता, काटकुळा, मिशाळ, बॉयाच्या अख्ख्या काठाच्या ओळखीचा.

"नको," एटेल्काबाई म्हणाल्या. "अंगण लहान पडेल. इथेच होऊ दे."

"इथे?"

"इथे. तुम्हाला ऐकू येत नाही का, व्याहीबुवा?" त्यांनी बशी पुढे सरकवली. "आणि वाढा त्या शेवया."

वेंडेलला आपल्या कालवणाचा विजय झाला असंच वाटलं, आणि त्याने ढीगभर वाढल्या. बाईंनी एक घास घेतला. रस्सा तिखट होता, आणि शेवया त्यात इतक्या बेमालूम मुरल्या होत्या की नावं ठेवायला जागा नव्हती. तो घास त्यांना फार जड गेला.

"मग फोटो इकडे आणा," वेंडेल मायेने म्हणाला. "खोगीर काढून तिथे लावू."

"फोटो पडला. काच फुटली," बाई म्हणाल्या. बालिंट बशीत बघत राहिला.

"अरेरे. कसे दिसायचे हो तुमचे यजमान?"

बाईंनी मिठाच्या वाटीकडे पाहिलं. ती काठोकाठ भरलेली होती.

"भुकेले," त्या म्हणाल्या.

वेंडेलला तो विनोद वाटला. तो हसला आणि त्याने त्यांच्या बशीत आणखी एक पळी ओतली.