शिडीच्या उंचीची सीट

मित्रांनो, मी एक जुनी काळी सायकल आहे. माझ्यामुळे एका मुलीची कंबर आणि गुडघे कित्येक महिने दुखत राहिले. माझा नट मला स्वतःहून सैल करता येत नाही हे खरं, तरी ते आठवलं की आजही मला अपराधी वाटतं.

माझे मालक रंगारी. ताडमाड उंच, म्हणून गल्लीत सगळे त्यांना ‘शिडी’ म्हणत. मला घरी आणल्या आणल्या त्यांनी माझी सीट आणि हँडल पार वर चढवलं. हँडलला रंगाचे डबे अडकवून आम्ही गावभर हिंडलो. माझ्या अंगावर कितीतरी घरांच्या भिंतींचे शिंतोडे आहेत. ‘शिडीला शोभेल अशीच सायकल आहे,’ असं लोक म्हणत, तेव्हा मी फुशारून जाई.

मग एका जिन्यात काम करताना शिडीच शिडीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ते खाटेला खिळले आणि मी दाराआड धूळ खात उभी राहिले.

त्यांची मुलगी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायच्या कामाला लागली, तेव्हा मला पुन्हा बाहेर काढलं. ती आईसारखी बुटकी. खालच्या पायडलपर्यंत पोचायला तिला कंबर एकदा इकडे, एकदा तिकडे झुकवावी लागे. हँडल धरायला हात ताणले की खांदे कानांना टेकत. तिची प्रत्येक कळ मला कळत होती आणि मी मुकाट्याने चालत होते.

“अगं, सीट खाली घे की. पाना फिरवायचा तेवढाच उशीर,” आई म्हणायची.

“नको. बाबांना वाटेल, ते पुन्हा सायकलवर बसणार नाहीत असं आपण धरूनच चाललोय.”

एका संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसली ती उठेचना. खाटेवरून बाबांनी विचारलं तर म्हणाली, “काही नाही, पायाला मुंग्या आल्यात.”

“सायकल आत आण. बस तिच्यावर. पायडल खाली घे आणि टाच टेकव.”

ती भिंतीला धरून बसली. टाच अधांतरीच राहिली. बाबा बराच वेळ त्या टाचेकडे बघत होते.

“भिंत जरा तिरकी असली तर मला लांबून दिसते,” ते म्हणाले. “पोरगी तिरकी चालायला लागली, ते दिसलं नाही. पाना दे.”

नट गंजला होता. तेल सोडून त्यांनी तो स्वतः सैल केला. सीट खाली आली, हँडलही आलं. तिची टाच टेकली, पाय सरळ झाला. ती रडू लागली.

“तुम्ही बरे झालात की परत वर घेऊ.”

“तेव्हाचं तेव्हा बघू.”

मित्रांनो, तुमच्या सायकलवर बसून एकदा टाच टेकवून बघा. पोचत नसेल, तर कुणाला काय वाटेल म्हणून थांबू नका. आम्हाला बोलता येत नाही.

बाबा आता काठी टेकत दारापर्यंत येतात. माझी सीट हाताने चाचपतात. ती कुणी वर तर चढवली नाही ना, एवढंच बघतात आणि परत जातात.