राजीनाम्याचे वाचक

फेब्रुवारीतला दिल्लीचा उजेड घाईने येत नाही. आधी तो समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांपाशी थांबतो, धुरकट, दुधात पाणी फार झाल्यासारखा. मग भिंतीवरून उतरत लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या क्वार्टरपर्यंत येतो. दोरीवरच्या माझ्या शर्टाची एक बाही उजळते, दुसरी बराच वेळ सावलीत राहते. कठड्यावर कबुतरांनी टाकलेल्या काड्या, आईने वाळत घातलेली संत्र्याची सालं, आणि जाळीच्या दारातून फरशीवर पडलेले बारीक चौकोन. त्या चौकोनांना टेबलाच्या पायापर्यंत पोचायला वीस मिनिटं लागतात. त्या रविवारी मी ती वीसही मिनिटं पाहत बसलो. कारण टेबलावर बुद्धभूषणची पुस्तिका होती, आणि त्याला उत्तर देण्याचा दिवस उजाडला होता.

बुद्धभूषण माझा लहानपणापासूनचा मित्र. आम्ही एकाच आवारात वाढलो, एकाच वर्षी परीक्षा देऊन वेगवेगळ्या मंत्रालयांत लागलो. डिसेंबरात त्याने नोकरी सोडली, नजफगढच्या पुढे दोन खोल्यांच्या घरात राहायला गेला आणि सोळा पानांचा जाहीरनामा छापून मोकळा झाला. नाव ‘राजीनामा’. नोकरीचा, स्पर्धा परीक्षांचा, लग्नाच्या बायोडेटाचा, बढतीची वाट पाहण्याचा राजीनामा द्या आणि एकत्र राहायला या, अशी त्यात तरुणांना हाक होती. चाळीस प्रती माझ्या हातात देत तो म्हणाला होता, “आपल्या मराठी घरांत वाट. कोण काय म्हणतं ते लिहून आण. शेवटी तुझं लिही, अतुल. येतोस की नाही, एवढंच.”

महिनाभर मी इतरांचं लिहून घेत राहिलो.

खालच्या मजल्यावरची तनया कॉलेजात शिकते, जन्म इथलाच. ती म्हणाली, “दादा, नाव राजीनामा आणि आत इतका गुस्सा? समझौताच करायचाय तर भांडतोय कशाला?”

हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड, हे लक्षात यायला मला क्षणभर वेळ लागला. तिने सोळाही पानं तडजोडीचं आवाहन म्हणून वाचली होती. मी मराठी अर्थ सांगितला.

“अच्छा, रेझिग्नेशन! मग आधीचंच बरं होतं यार.”

ती एकटी नव्हती. हाक ज्यांना होती, त्या पंचविशीच्या आतल्या सात जणांनी पुस्तिका तशीच वाचली होती.

निवृत्त अवर सचिव शशिकांतकाकांनी लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून प्रत परत केली. “मसुदा बरा आहे. पण नोटीस पीरियड पूर्ण केला का त्याने?” आतून अलकाकाकूंचा आवाज आला, “अहो, पोरगा जेवतो कुठे ते विचारा आधी!”

बुद्धभूषणचे वडील बबनकाका यांच्याकडे मी सर्वांत शेवटी गेलो. पुस्तिकेला त्यांनी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं.

“माझ्या नेमणुकीचं पत्र अर्ध्या पानाचं होतं,” ते म्हणाले. “बापानं ते वाशिमला अख्ख्या वस्तीत फिरवून दाखवलं. उलटं धरून. वाचता कुठं येत होतं त्याला? आता नातू सोळा पानं लिहून ते परत करतोय.”

त्याची आई, कौसल्याकाकू, माझ्यापुढे चहा ठेवून दारातच उभ्या राहिल्या.

“हे लिहून घेऊ का, काका?”

“घे. आणि तू जाणार असशील तर जा बाबा. एकटा आहे तो.”

तर त्या रविवारी मी नजफगढला गेलो. अंगणातल्या खाटेवर बसून बुद्धभूषणने माझी वही वाचली. तनयाच्या पानावर तो मोठ्याने हसला. “सात जण? समझौता? चलो, क्रांती झाली!” बबनकाकांच्या पानावर मात्र थांबला, ते त्याने दोनदा वाचलं.

“उलटं धरून,” तो हळूच म्हणाला. “मला कधी सांगितलं नाही त्यांनी.” मग वही मिटली. “कोण येतंय?”

“कोणीच नाही.”

“आणि तू?”

मी म्हणालो, की त्याची भाषा विलक्षण आहे, विशेषतः दहाव्या पानावरची, जिथे तो—

“भाषा राहू दे रे. येतोस का?”

“आईचा गुडघा...”

“काकू चैत्रात पुण्याला चालल्यात, तुझ्या ताईकडे. कायमच्या. मला फोनवर त्यांनीच सांगितलं.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. महिनाभर वाट पाहून माणूस जसा थकतो, तसा तो थकला होता. आणि महिनाभर वाट पाहायला लावून मीही. या सगळ्या दिवसांत मी स्वतःलाही गुडघाच सांगत आलो होतो. सोमवारी सकाळी फाइलची नाडी सोडताना, कुणाच्या तरी मसुद्यातलं वाकडं वाक्य सरळ करून बाजूला ठेवताना माझ्या आत जे शांत होत जातं, त्याला पुस्तिकेत गुलामी म्हटलं होतं. आणि त्या ओळीखाली मी पेन्सिलने कौतुकाची रेघ मारली होती.

“भूषण,” मी म्हणालो, “मला माझी नोकरी आवडते.”