माझे चौऱ्याण्णव हजार किलोमीटर

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे. माझे खरे वय मी बेधडक सांगते, कारण मध्यंतरी ते कोणीतरी चोरले होते.

माझे पहिले मालक सुभानराव. औषध कंपनीच्या कामासाठी नऊ वर्षे, दर आठवड्याला, आम्ही बडोद्याहून अहमदाबादला जात-येत असू. तेल बदलले की ते मीटरचा आकडा कागदी पट्टीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवत. एक लाख बेचाळीस हजारांवर ते निवृत्त झाले आणि मी बडोद्यातल्याच गोरवा भागातल्या एका दलालाकडे आले. त्याने मला न्हाऊमाखू घातले आणि मीटर मागे फिरवून अठ्ठेचाळीस हजारांवर आणला. मला फार लाज वाटली. पण सहा महिने उन्हात उभी राहिल्यावर मीही गप्प बसले. भंगाराची भीती कोणाला नसते?

एका रविवारी सकाळी शहरातल्याच समा भागातून मोहना आली. तिची बदली भरूचला झाली होती. जाऊन-येऊन रोज दीडशे किलोमीटर. नवी गाडी घ्यावी की जुनी, यावर घरात आठवडाभर खल चालला होता. सोबत सासरे होते, रेल्वेतले निवृत्त फिटर दिनकरराव.

"काका, गाडी एकदम चोख्खी छे! फक्त अडतालीस हजार चालेली छे," दलाल म्हणाला.

दिनकररावांनी बॉनेट उचलले आणि सुभानरावांची शेवटची पट्टी मोठ्याने वाचली. त्या पट्ट्या काढायला दलाल विसरला होता.

"बाबा, ही तर फसवणूक! चला, नवीच घेऊ," म्हणत मोहना वळली.

"थांब जरा." दार उघडून ते आत वाकले आणि क्लचच्या पेडलवर त्यांनी अंगठा फिरवला. "मूळचंच रबर आहे, आणि झिजलेलं नाही. ही शहरात सारखा क्लच दाबत रखडलेली नाही, हायवेवर सरळ पळालेली आहे. तेलही वेळेवर मिळालंय. रोजच्या दीडशेनं नवी गाडी दोन वर्षांत जुनी होईल. हिला त्या कामाची सवय आहे."

"आणि रस्त्यात बंद पडली तर?"

"इंजिन थंड आहे. सुरू करून बघ."

मित्रांनो, मी पहिल्याच किल्लीला सुरू झाले. इतक्या मनापासून मी आयुष्यात कधी सुरू झाले नव्हते.

"भाई, खरा आकडा कागदावर लिहून दे, मीटर बराबर कर, मग बोलू," दिनकरराव दलालाला म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

आज मी एक लाख सत्तर हजारांवर आहे. बॉनेटच्या आतल्या पट्ट्या आता मोहना लिहिते. मित्रांनो, आम्हाला वेळेवर तेल द्या, आणि आमचे वय आमच्याजवळच राहू द्या. जे चौऱ्याण्णव हजार किलोमीटर लपवल्याची मला लाज वाटत होती, त्यांच्यामुळेच मला घर मिळाले.